बांधायचा राहिलेला बाण

हलका बाण मारला की लाकडी धनुष्य मोडतं, हे मला कळून काय करायचं होतं? मी अंजनाबाई, चारकोपच्या मार्केटात मासे विकते. सुरमई कापायची, बोंबील मोजायचे आणि कोलंबी हुंगून परत टाकणाऱ्या बायांना तोंड द्यायचं, एवढंच माझं शिक्षण. पण माझ्या भावाच्या पोरीने, मानसीने, वर्षभर माझ्या कानाशी बाणांचंच पुराण लावलं होतं. आता मला मासळीतलं जेवढं कळतं तेवढंच बाणातलं कळतं. आणि हे सांगते ते मानसीच्या हातासाठी नाही. हात गेला तो गेला. सांगते ते माझ्या भावासाठी, धाकूसाठी. एका माणसाने त्याला सगळ्यांदेखत पोरीचा हात फोडणारा बाप ठरवलं, आणि तो येडा ते मान खाली घालून ऐकत राहिला.

सेक्टर संपतात तिथे खारफुटीला लागून आमचा पाडा. धाकू गोराईच्या बाजूला होडी घालतो, आणि होडी बंद असली की अंगणात बसून जाळी बांधतो. त्याची बायको मानसी लहान असतानाच गेली, तेव्हा पोर अर्धी माझ्याच ओट्यावर वाढली. इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागे एक मैदान आहे, तिथे निलेश सरांचा धनुर्विद्येचा क्लास चालतो. सर काही आभाळातून पडलेले नाहीत. बाप गिरणीत, गाव देवगडकडे, लहानपण चाळीत. पण मैदानावर टोपी घालून उभे राहिले की बघायलाच नको. मानसी कॉलेजातून येताना कुंपणाला नाक लावून बघत राहायची. एकदा सरांनी आत बोलावलं. फी नको म्हणाले. त्याऐवजी मैदान झाडायचं, सगळ्यांचे बाण टार्गेटमधून उपटून आणायचे, आणि पोरांचं झालं की मग स्वतः मारायचे. फुकटातलं मला खपत नाही, पण पोरीचं तोंड एवढं फुललं होतं की मी गप्प बसले.

तिच्या हातात आलं एक जुनं लाकडी धनुष्य. नव्या धनुष्यांना नेम धरायला काय काय खटके असतात, याला काही नाही. नुसती वाकवलेली काठी आणि दोरी. त्या जुन्या प्रकाराची स्पर्धाही वेगळी असते. बाण मात्र मिळाले पोरांनी वापरून सोडलेले, कार्बनचे. कार्बनचा बाण आतून पोकळ, हातात घेतला तर काही घेतलंय असं वाटत नाही. नव्या धनुष्याला तो चालतो. लाकडीला चालत नाही, कारण दोरीचा जोर उचलून न्यायला त्याच्यात वजनच नसतं. उरलेला जोर लाकडात राहतो आणि एक दिवस धनुष्य फाटतं. जड बाण दुकानात मिळतात, पण ते आमच्यासाठी नसतात. मग पोर बसली घरच्या घरी बाण जड करायला.

पहिल्यांदा माझं जाडं मीठ नळीत भरलं. खाडीची हवा ती, मिठाला पाणी सुटलं आणि आत गोळा झाला. मग गोराईची वाळू आणली. ती आत खुळखुळायची, आणि बाण सुटला की मागे धावायची. मग बापाच्या जाळ्याच्या तळाचं शिसं काढलं, ठोकून बारीक केलं आणि बाणाच्या टोकात बसवलं. तो बाण टार्गेटपर्यंत पोचायच्या आधीच मातीत नाक खुपसायचा. धाकूला जाळ्याचा तळ हलका लागला तेव्हा त्याने पोरीला अशा शिव्या घातल्या की शेजारची सुलक्षणा दारात येऊन उभी राहिली. एवढं झाल्यावर मानसीला सुचलं ते तंगूस. मासेमारीचा जाड नायलॉनचा दोरा तो, आमच्या घरात पायात येईल इतका पडलेला असतो. बाणाच्या लांबीचे तुकडे कापायचे, नळीत घट्ट बसतील तेवढे सरकवायचे आणि मागून बूच मारायचं. वजन डोक्यापासून शेपटीपर्यंत सारखं. माझ्या शेजारच्या मसालेवाल्याच्या छोट्या काट्यावर एकेक बाण तोलून घेतला तिने. म्हणाली, आत्या, धनुष्याचा आवाजच बदलला गं, आधी फाटकन वाजायचं, आता धप्प वाजतं. मी म्हटलं, झकास, आता जरा पापलेटं धुवायला घे.

त्या बाणांनी ती कृणालला हरवायला लागली. कृणाल म्हणजे सरांचाच मुलगा, तिच्याच वयाचा, तोही लाकडी धनुष्य मारायचा. पोरगा वाईट नाही, मी ते म्हणणार नाही. हरला की हसायचा. बाप हसायचा नाही. जिल्ह्याच्या संघात जुन्या प्रकाराची एकच जागा होती, आणि आधी क्लासमध्ये ती कृणालचीच धरून चालले होते. मग सगळे मानसीकडे बघायला लागले.

निवडीच्या आधी सरांनी तिचे तंगूसवाले बाण काढून घेतले. सगळ्या पोरांसमोर एक बाण नाकाशी धरला आणि म्हणाले, याला बोंबलाचा वास येतो. पोरं हसली. नियमात बसत नाहीत असं म्हणून त्यांनी ते कपाटात टाकले, आणि कोपऱ्यातल्या ड्रममधून मूठभर बाण काढून तिच्या हातात दिले. तो ड्रम कसला होता ते क्लासमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. बाद झालेल्या बाणांचा.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. कार्बनचा बाण बाहेरून साजरा दिसतो आणि आतून तडकलेला असतो. म्हणून मारायच्या आधी तो दोन्ही हातांनी धरून कानाशी वाकवायचा, फिरवून परत वाकवायचा. आत चीर असली तर कटकन बोलतो. बोलला की ड्रममध्ये टाकायचा, काही झालं तरी दोरीला लावायचा नाही. तडकलेला बाण दोरीवरून सुटताना फुटतो आणि धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. क्लासमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि मानसीलाही ते येत होतं. तिने बाण वाकवायला उचलला तर सर म्हणाले, मी स्वतः एकेक वाकवून बघितलाय, माझ्यावर विश्वास नाही का तुझा? सगळी पोरं बघत होती. तिने बाण खाली केला, आणि सरांनी बघितलंय म्हणून पुढेही वाकवला नाही. मग सर गोड आवाजात म्हणाले, हलके आहेत ते, पण तुझ्या बाबांचा दोऱ्यावर चांगला हात आहे, वरून दोरा वेटाळून घे, वजन येईल.

त्याला तिचा हात फोडायचा होता असं मी म्हणत नाही. माझ्या मते त्याला एवढंच हवं होतं की निवडीच्या दिवशी तिचे बाण वाकडे जावेत आणि पोरगी रडत घरी जावी. पण ड्रममध्ये काय आहे ते त्याला माहीत होतं. मेला हसत हसत देत होता.

धाकूला ते काम मिळालं तेव्हा त्याला काय आनंद झाला म्हणून सांगू. पोरीच्या बाणांना बापाची मदत, हे त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. आमच्यात फाटलं म्हणून काही टाकत नाहीत. जाळं फाटलं की बांधायचं, होडीला चीर गेली की कापड आणि रेझिन लावायचं, आणि पुन्हा पाण्यात. अंगणात बसून त्याने बाणाच्या टोकामागे दोरा वेटाळला. वेढ्याला वेढा लागलेला, मधे केस जाणार नाही इतका घट्ट. वरून होडीचं रेझिन फिरवलं आणि बाण वाळायला वळचणीला टांगले. एक बाण बांधायचा राहिला, दोरा संपला म्हणून, तो तसाच वळचणीला खोचला. येणाऱ्या जाणाऱ्याला बोलावून दाखवत होता, माझी पोरगी जिल्ह्यात जाणार. मी सुद्धा त्या दिवशी गिऱ्हाइकाला दोन बांगडे वर घातले.

निवडीच्या दिवशी तिसरा बाण हातात फुटला. मी तिथे नव्हते, मला मार्केटात फोन आला. हॉस्पिटलात पोचले तर पोरगी डावा हात वर धरून बसलेली, तळव्यातून अंगठ्याखाली काळ्या काड्या बाहेर आलेल्या. रडत नव्हती. मी रडले. डॉक्टरांनी ऑपरेशन करून एकेक तुकडा काढला. पण ते कार्बनचे तंतू केसापेक्षा बारीक, आत किती राहिले कुणाला ठाऊक. अंगठा आणि शेजारचं बोट आता मिटत नाही. धनुष्य तर सोडाच, तिला त्या हाताने चहाचा कप धरता येत नाही. जिल्ह्याच्या संघात कृणाल गेला.

सर हॉस्पिटलात आले. सफरचंदं घेऊन आले, लाज नावाची चीज असते ती घरी ठेवून आले. माझ्या भावाला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला, आणि आजूबाजूचे ऐकतील एवढ्या आवाजात समजावलं. बाण चांगले होते धाकूभाऊ, मी स्वतः बघितले होते. पण तुम्ही दोरा फार आवळलात. होडीचा हात आहे तुमचा. कार्बनची नळी नाजूक, आवळून चिरडली. जाऊ द्या, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तेव्हा मलाही खरं काय ते माहीत नव्हतं. त्या दिवसापासून धाकूने जाळ्याला हात लावला नाही. विणायची सुई कौलात खोचून ठेवली. होडीवर जायचा, यायचा, आणि मानसी ज्या खोलीत असेल तिथे शिरायचा नाही. दाराबाहेर जेवायचा. पाड्यातल्या बायांची तोंडं बंद राहतात का, बापानेच पोरीचा हात घालवला, असं नळावर बोलून मोकळ्या. पोर मला म्हणायची, आत्या, हाताचं मी बघेन, पण बाबा माझ्याकडे बघतच नाहीत गं.

मग एकदा मी वळचणीला हात घातला तर तो राहिलेला बाण सापडला. दोरा न बांधलेला. धाकूने त्याला काही केलं नव्हतं, सरांनी दिला तसाच होता. मानसीने मला तो दोन्ही हातांनी धरायला लावला आणि कानाशी वाकवायला सांगितलं. खेकड्याची नांगी मोडताना येतो ना, तसला आवाज आला. फिरवून वाकवला, परत आला. पोरीने माझ्याकडे बघितलं. मी सरांचं सगळं खानदान उद्धारून काढलं.

आम्ही धाकूसमोर तो बाण वाकवला. त्याने ऐकलं आणि म्हणाला, वळचणीला उन्हात तडकला असेल. मी ओरडले, अरे तुझ्या बांधण्याने काही झालं नाही, ड्रममधलाच माल होता तो. तो म्हणाला, ताई, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका, आणि उठून खाडीकडे गेला. तेव्हा मानसी म्हणाली की आपलं ऐकून बाबांना पटणार नाही, सरांच्याच हातून पटायला हवं.

क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता. मैदानावर मांडव, खुर्च्या, पोरांचे आईबाप मोबाईल वर करून बसलेले. मी ठेवणीतलं लुगडं नेसले. धाकूला आणायला मानसीने त्याचा हात धरला, त्या फुटलेल्या हाताने, आणि मग त्याला नाही म्हणता आलं नाही. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. सरांनी माइक घेतला आणि सुरक्षिततेवर भाषण सुरू केलं. आम्ही आलोय हे त्यांनी बघितलं होतं, तरी बोलले. म्हणाले, पालकांना विनंती आहे, घरी बाणांवर प्रयोग करू नका. आमच्या एका मुलीच्या वडिलांनी होडीला बांधतात तसा दोरा बाणाला बांधला. होडी वेगळी, बाण वेगळा. लोक हसले. चांगल्या घरची माणसं होती सगळी, आणि हसली. माझ्या शेजारी धाकू हातांकडे बघत बसला होता.

मानसी उठली. मधल्या वाटेने चालत पुढे गेली आणि पिशवीतून तो बाण काढला. आवाज चढवला नाही तिने, पण माइक तिथेच होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"सर, तुम्ही दिलेल्यांतला हा एक राहिलाय. बाबांनी याला दोरा बांधला नव्हता. तुम्ही वाकवून बघितला होतात ना? मग एकदा मारून दाखवा."

मांडवात चुळबूळ झाली. सर हसले, पण माझे डोळे मासळी बघणारे आहेत, ताजं काय नि शिळं काय मला लगेच कळतं. त्यांना बाण वाकवून बघता येईना, कारण बोलला असता तर सगळ्यांनी ऐकलं असतं. नाही म्हणता येईना, कारण आपणच चांगला म्हणून दिला होता. इकडे तिकडे बघितलं. मग खांदा चोळत म्हणाले, माझा खांदा दुखतोय हल्ली, आपला जिल्ह्याचा खेळाडू मारून दाखवेल. आणि बाण कृणालच्या हातात दिला.

स्वतःच्या पोराच्या हातात. मी बघितलं ते. तडकलेला आहे हे माहीत असून दिला, एवढ्या लोकांत तोंड काळं होऊ नये म्हणून. माझ्या मनात काय आलं ते सांगते, मला त्याची लाज नाही. मला वाटलं, मारू दे. लागू दे त्यालाही. त्या बापाला हॉस्पिटलात बसून काळ्या काड्या बघू दे, मी सफरचंदं घेऊन जाईन. मानसीकडे बघितलं तर ती ओठ आवळून उभी होती. तिच्या मनात काय होतं ते मी कधी विचारलं नाही.

कृणालने धनुष्य घेतलं, रेघेवर उभा राहिला. आणि लहानपणापासून बापाने अंगात मुरवलेली सवय, दोरीला लावायच्या आधी बाण आडवा धरून कानाशी वाकवला. तो माइकजवळच होता. कट्ट झालं. पोराने बाण फिरवला आणि परत वाकवला. परत कट्ट. मांडवात मोबाईल वर धरलेल्या माणसांचे हात तसेच राहिले. पोराने मान वळवून बापाकडे बघितलं.

सर म्हणाले, "मार रे. काही होत नाही."

पोरगा हलला नाही. मग त्याने बाण पुढे केला, पिसांची बाजू बापाकडे करून, द्यायची रीत असते तशी.

"पप्पा, तुम्ही मारा."

सरांचा हात वर आला नाही. कोणीतरी पुढच्या रांगेतून म्हणालं, सर, घ्या ना. सर टार्गेटकडे बघत राहिले.

धाकू केव्हा उठला ते मला कळलं नाही. पुढे गेला, कृणालच्या हातातून बाण काढून घेतला आणि गुडघ्यावर मोडून टाकला. सरांना एवढंच म्हणाला की पोराच्या हातात असलं देऊ नका. शिवी नाही, काही नाही. मी मात्र दिल्या, माइकवर दिल्या, आणि कोणी मला थांबवलं नाही.

क्लास बंद पडला असं वाटत असेल तर तसं काही नाही. दोन चार आईबापांनी पोरं काढली, सरांनी मैदान बदललं, नाव बदललं, आता वांद्र्याला शिकवतात म्हणे. कृणालने धनुष्य सोडलं. बापाशी बोलत नाही असं ऐकते, खरं खोटं देवाला माहीत. नळावरच्या बाया आता म्हणतात, आम्हाला आधीच ठाऊक होतं. त्यांची जीभ झडो.

कार्यक्रमाहून परत आलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. मला वाटलं, सुटलो एकदाचे. मी धाकूला म्हटलं, ऐकलंस ना आता, सगळ्यांनी ऐकलं, तुझ्या दोऱ्याने काही झालं नव्हतं. त्याने कौलातली सुई काढली, फाटकं जाळं ओढून मांडीवर घेतलं. मला बरं वाटलं. मग जाळ्याकडेच बघत तो बोलायला लागला.

"आवळून चिरडला नाही, ते मला पहिल्यापासून माहीत होतं, ताई. जो फुटला ना, त्याच्यावर बांधताना मला रेघ दिसली होती. केसाएवढी. म्हटलं सरांनी बघितलंय, ओरखडा असेल. म्हणून तिथे दोन वेढे जास्त दिले."

बाण फेकून देता आला असता त्याला. पण आमच्यात फेकत नाहीत, बांधतात, आणि त्याने त्याच्या पोरीसाठी ते जगातलं सगळ्यात चांगलं बांधलं होतं.

मानसी दारात उभी राहून ऐकत होती. येऊन बापासमोर बसली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि जाळ्याच्या दोरीचं टोक धरायला डावा हात पुढे केला, लहानपणापासून धरायची तसा. धाकूने टोक तिच्या बोटांत दिलं आणि ताण दिला. टोक सुटलं. त्याने पुन्हा दिलं, पुन्हा सुटलं. मग तिने ते उचलून दातात धरलं, आणि धाकूने मान वर न करता गाठ मारायला घेतली.